नाथाच्या डोईवरची माती

बसा असे समोर. कलावती, तू जरा उजवीकडे सरक, माझी मान वळत नाही. नको गं, पगडी राहू दे डोक्यावर, मला सवय आहे. दिवा आत उंबऱ्याजवळच ठेव, इथं किडे येतात.

तर श्रीपाद, उद्या तू डोंबिवलीच्या त्या जागेच्या खरेदीखतावर सही करणार आणि साक्षीदार म्हणून सख्ख्या काकाला नेणार. मला बरं वाटलं हो. मुंबईच्या कोंदट खोलीतून पोरांना मोकळ्या हवेत आणायचं, दारात तुळस, मागे विहीर, स्टेशन दहा मिनिटांवर. त्यात वाईट काहीच नाही. मोजणीच्या कचेरीत मी वीस वर्षं साखळी धरून रानं तुडवली. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मोकळी हवा शोधत येणारी तुझ्यासारखी माणसं खूप बघितली. येतात, आधी विहिरीत डोकावतात, मग आंब्याची झाडं मोजतात, मग गाडीची वेळ विचारतात. बायका चूल कुठं मांडायची ते तिथल्या तिथं ठरवून टाकतात. हसू नकोस कलावती, तूही ठरवलीच असशील. पण या जागेची हद्द कोण चालून गेलंय, हे कोणी म्हणजे कोणी विचारत नाही.

तू विचारलंस? नाही ना? मग ऐक, आणि त्यानंतर ठरव काकाला न्यायचं की नाही.

महिपत माझा लहानपणापासूनचा दोस्त. मूळचा साताऱ्याकडचा, मुंबईत छापखान्यात खिळे जुळवायचा. पहिल्या प्लेगात त्याचा सात वर्षांचा मुलगा तीन दिवसांत गेला. धाकटी जया तेवढी राहिली, चार वर्षांची. पोराला पोचवून आला त्याच दिवशी तो माझ्याकडे ठाण्याला येऊन बसला आणि म्हणाला, "त्र्यंबक, ही पोर मी त्या चाळीत आणखी एक पावसाळा निजू देणार नाही. जागा बघ." बायकोच्या, शेवंतीच्या, पाटल्या मोडायची तयारी होती त्याची. जागा मीच दाखवली. कोपरीच्या वेशीबाहेर, खाडीकडे तोंड करून. एका बाजूला भातशेतं, पलीकडे मिठागरं, आणि वारा म्हणशील तर अंगावरचं उपरणं उडून जावं असा. विकणारा काळुराम, तिथलाच पिढीजात शेतकरी. फाल्गुनात जोतं झालं, वैशाखापर्यंत भिंती माणूसभर उंच आल्या. जया त्या अर्ध्या भिंतींतून "हे माझं घर, हे माझं घर" करत नाचायची.

आणि मग नाथा आला.

नाथा हा काळुरामाचा चुलतभाऊ. मिठागरात कामाला, शेजारची एक पट्टी तेवढी त्याची. लहानखुरा माणूस, मिठाच्या पाण्यानं पाय भेगाळून पांढरे पडलेले. भांडला नाही, ओरडला नाही. महिपतासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, तुमची चूल माज्या शेतान हाय."

मागल्या वर्षीच्या उधाणात बांध फुटून हद्दीचे जुने दगड वाहून गेले होते. काळुराम म्हणे पट्टी माझी, नाथा म्हणे माझी. माझ्या कागदावर ती रेघ होती, पण जमिनीवर ती नेमकी कुठून धरायची त्याला खूण उरली नव्हती. कोर्टात गेले असते तर जयाची नातवंडं निकाल ऐकायला बसली असती. मग गावानं आपली जुनी रीत काढली.

रीत अशी. दावा ज्याचा, त्यानं आदल्या दिवशी उपास धरायचा. अमावास्येच्या पहाटे खाडीत बुडी मारून ओलेत्यानं यायचं, आपल्या शेतातलं मोठं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि मुकाट्यानं चारी कोपऱ्यांवरून आपली हद्द चालून जायचं. बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. खोटा चालला तर ती माती त्याला खाते. खरा असला तर चौथ्या कोपऱ्यावर समोरच्यानं पुढे व्हायचं आणि दोन्ही हातांनी ती माती उतरवायची. उतरवली म्हणजे हद्द मानली. मधेच कोणी उतरवली, तर त्यानं ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन राहिलेली हद्द पुरी करायची. आणि ज्यानं माती घेतली त्याला ती आपल्या हातानं खाली ठेवता येत नाही. कोणी उतरवेपर्यंत त्यानं चालत राहायचं.

वैशाखातली अमावास्या ठरली. मागून चालायला काळुराम, महिपत, आणि सगळं डोळ्यांनी बघून लिहून घ्यायला मी.

मी गेलो नाही. खरं सांगतो, पायांत नवे जोडे होते. खाडीकाठच्या खाजणाचा तो चिखल बघितला आणि म्हटलं, मी इथंच पहिल्या कोपऱ्यावर कंदील घेऊन बसतो, तुम्ही या चालून. एवढंच कारण. जोडे.

ते तिघे अंधारात गेले. नाथा पुढे, वीस पावलांवर ते दोघे. काळुरामाच्या हातात कोयता होता, झुडपं तोडायला म्हणून. नाथाचे ओले पाय चपचप वाजत होते. दुसरा कोपरा झाला. तिसऱ्यावर तो थांबला, कारण तिथून हद्द वळते. मला ताऱ्यांच्या उजेडात त्याची आकृती दिसत होती. तो वळला तो सरळ महिपताच्या भिंतीकडे तोंड करून. स्वयंपाकघराच्या ऐन मधोमध.

मग एक आवाज आला. नारळ फोडल्यासारखा. मग आणखी एक.

बऱ्याच वेळानं परत आले ते दोघेच. काळुराम म्हणाला, "तिसऱ्या कोनावर माती टाकली नि पलाला. खोटा व्हता." महिपताचे दात वाजत होते, वैशाखात. काळुराम पाण्याच्या पाटाशी बसून कोयता धुऊ लागला. तोवर फटफटलं होतं. पाण्याचा रंग मला दिसला.

आणि तरी मी लिहिलं. "नाथा याने दावा सोडला." भिंतीच्या बाहेर चार हात अंतरावर हद्दीचा दगड रोवून घेतला आणि घरी येऊन जेवलो. का लिहिलं विचारशील. जया. त्या घरात ती नाचायची ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. आणि महिपत माझा दोस्त होता. अशी कारणं माणसाला लगेच सापडतात, मला शोधावी लागली नाहीत.

दसऱ्याला वास्तुशांत झाली. पुरणपोळीच्या पंगती उठत होत्या तेव्हा नाथाची बायको गोदा अंगणात येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता शिव्याशाप देणार. तिनं एवढंच विचारलं, "त्याच्या डोईवरची माती कोनी उतरवली?" तिनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि गेली.

दिवाळीच्या अमावास्येला काळुराम मेला. मी बघायला गेलो होतो. त्याच्याच खळ्यात पडला होता. मान नव्हतीच. तोडलेली नव्हती रे, खांद्यांच्या आत दाबून बसवली होती, मुसळानं ठेचावी तशी. तोंडात माती ठासलेली, जबडा फाटेपर्यंत. त्याच्या बायकोनं बोटानं काढायला घेतली तर संपेचना. गावानं म्हटलं, वाघरू आलं असेल. कोपरीत वाघरू! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्याला जाळून आले.

आता ती रात्र सांगतो. मंगळवार, कार्तिकातली अमावास्या, शके अठराशे एकोणीस. तो हिवाळा तुम्हाला आठवेल, पुढे दोन महिन्यांनी खग्रास ग्रहण लागलं तोच. महिपतानं मागितलेली नकाशाची नक्कल कचेरीतून तयार होऊन, शिक्का बसून आली होती. ती पोचवायची होती. म्हटलं संध्याकाळी जाऊ, जेवू, तिथंच निजू. जयासाठी चुरमुऱ्यांचे लाडू घेतले. स्टेशनामागून कोपरीपर्यंत रमतगमत गेलो. हवा छान होती.

महिपत अर्धा झाला होता. शेवंतीनं वालाचं बिरडं केलं होतं. जयानं दोन लाडू खाल्ले, तिसरा उशाशी ठेवला आणि चुलीजवळ निजली. तिथं ऊब असते म्हणून ती रोज तिथंच निजायची. वाढताना शेवंतीनं मला विचारलं, "भाऊजी, कागद तुम्ही केलात. हद्द नक्की कुठं आहे?"

"भिंतीच्या बाहेर, वहिनी," मी म्हणालो. "चार हात."

"मग दर अमावास्येला भिंतीबाहेर कोण चालतं?"

महिपत तसाच उठला आणि हात धुवायला गेला. नंतर आम्ही दोघे पडवीत बसलो तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. कोयता उगारलेला त्यानं बघितला होता. "मी ओरडलो असतो तर नाथा वाकला असता," तो म्हणाला. "तेवढा वेळ होता. पण समोर भिंत दिसत होती रे माझी. जयाची. मी गप्प राहिलो." दोघांनी मिळून नाथाला खाजणात दाबलं. "डोकं मानेवर राहत नव्हतं. नुसतं कातडीनं लोंबत होतं. पण त्र्यंबक… ते ढेकूळ पडलं नाही. आम्ही काठीनं ढकललं. हललं नाही."

मी नक्कल काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती आत देवापुढे नेऊन ठेवली.

मध्यरात्र झाली असेल.

चप… चप… चप.

मी महिपताकडे बघितलं. तो बोटं मोजत होता. "पहिला कोपरा," तो कुजबुजला. "आता दुसऱ्याकडे. मग तिसऱ्यावर येऊन थांबतो. पहाटेपर्यंत उभा असतो. पुढे येत नाही."

चालणारा सावकाश चालत होता. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस चालतो तसा, एक पाऊल पूर्ण टेकवून मगच दुसरं उचलायचा. प्रत्येक पावलाला जोतं हादरत होतं. दुसरा कोपरा झाला. तिसरा आला. थांबलं.

कुत्रीसुद्धा ओरडत नव्हती. आम्ही तसेच बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

चप.

महिपताचं बोट हवेतच राहिलं.

चप… चप…

"पुढे येतोय," तो म्हणाला. "आज का येतोय?"

मला कळलं होतं. आज खोटी रेघ शिक्का घेऊन घरात आली होती. मी आणली होती.

स्वयंपाकघराची मागची भिंत फुटली. एकेक दगड आत उडाला. शेवंती जयाकडे धावली, तिच्या दंडावर दगड बसला, हाड मोडलेलं मी ऐकलं. आम्ही आत घुसलो. धूळ. चुलीतले निखारे उधळलेले. आणि त्या भगदाडात…

तो उभा होता. ओलेता. चिखलानं भरलेला. मानेपाशी तोंड उघडावं तशी जखम, पांढरी, मिठानं खाल्लेली. डोकं कलंडू नये म्हणून एका हातानं केस धरले होते. माती पडू नये म्हणून. माती जागच्या जागी होती.

त्यानं पाऊल टाकलं. वाटेत पितळेचा हंडा होता. पाय त्याच्यावर पडला. हंडा भाकरीएवढा चपटा झाला.

त्याच्यापुढे सरळ रेषेत, तीन पावलांवर, जया.

शेवंतीनं एका हातानं ओढलं. महिपतानं ओढलं. मीही ओढलं. चार वर्षांची पोर… हलेना. तिला जाग येईना. तिच्यावरही जशी कोणी माती ठेवली होती.

दुसरं पाऊल. फरशी हातभर खचली.

"नाथा!" महिपत ओरडला. "नाथा, मी बघत होतो! मी ओरडलो नाही! माझी चूक! पोरीवर नको…"

नाथानं त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याला बोलायचं नव्हतं, वळायचं नव्हतं. हद्द चालायची होती. तिसरं पाऊल उचललं. तो भेगाळलेला तळवा मी बघितला. खाली जयाचं डोकं. उशाशी लाडू.

महिपत मधे गेला.

दोन्ही हात वर केले. आणि माती उतरवली.

त्याबरोबर नाथाचं डोकं कलंडलं, पाठीवर लोंबलं, आणि सगळा देह चिखल होऊन खाली सांडला. खाजणाचा चिखल, दुसरं काही नाही. जया रडायला लागली. शेवंतीनं तिला छातीशी ओढलं.

महिपत ढेकूळ धरून उभा होता. खांदे उतरत चालले होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्र्यंबक, तेवढा कागद…"

पुढचं बोलला नाही. माती डोक्यावर घेतली होती. आता बोलायचं नव्हतं.

मान कडकन वाजली. तो चालू लागला. समोरची भिंत आली. थांबला नाही. कपाळ दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. पुन्हा. रक्त डोळ्यांत उतरलं. शेवंती किंचाळत होती. पाचव्या की सहाव्या आघाताला दगड निखळले. तो त्यातून बाहेर पडला. शेवंतीनं हाका मारल्या, जयानं "बाबा" म्हणून हाक मारली.

त्यानं मागे वळून बघितलं नाही.

उजाडल्यावर चौथ्या कोपऱ्यावर सापडला. कोरड्या, टणक जमिनीत छातीपर्यंत उभा रुतलेला. मान खांद्यांत गेलेली. डोळे उघडे, पुढे बघत. कुदळीनं खणून काढावा लागला.

गोदा आली. कोणाला न विचारता ती तिसऱ्या कोपऱ्यापासून चौथ्यापर्यंत त्याच्या पावलांवरून चालत गेली. महिपताच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे होते, स्वच्छ होते. "हद्द पुरी झाली," ती म्हणाली. "पन माती कुठं हाय? ही कोनी उतरवली?"

सगळ्यांनी शोधली. ढेकूळ कुठंच नव्हतं. मी हात लावला नव्हता, श्रीपाद. देवाशपथ, मी त्याच्या जवळही गेलो नव्हतो.

शेवंती पोरीला घेऊन साताऱ्याला गेली. तिचा हात अजून वाकडा आहे. ते घर तसंच आहे, दोन भगदाडांसह. आणि महिपतानं सांगितलेला तो कागद… कागद कचेरीच्या दप्तरात आहे. माझ्या अक्षरात. "नाथा याने दावा सोडला." गोदा आजही दुसऱ्याच्या मिठागरात राबते आणि तिची पट्टी काळुरामाचे वारस गवताला देतात. खरं लिहायचं तर खुनाला पांघरूण घातल्याचं सांगावं लागेल. तुरुंग. पेन्शन गेली. घराण्याचं नाव गेलं. दोन वर्षं रोज म्हणतोय, उद्या जातो मामलेदाराकडे. लाज वाटते रे मला. आरशात बघवत नाही.

तेव्हा उद्या मी तुझ्या खरेदीला साक्षीदार म्हणून येणार नाही. माझी साक्ष असलेल्या जमिनीवर तू तुझी पोरं निजवू नकोस. तू उद्या मला आधी कचेरीत ने. हाताला धरून ने, नाहीतर मी पुन्हा जोडे बघत बसेन. मग डोंबिवलीला जा, आणि सही करण्याआधी ती जागा चारी बाजूंनी पायांनी चालून ये. अनवाणी.

वैद्य म्हणतात मानेत वात आहे. तुम्हीही तसंच म्हणता. महिन्यातून एकदाच चढतो हा वात, आणि दर वेळी मान केसभर आखूड होते. आज कोणती तिथी आहे, कलावती? बरोबर. कार्तिकातलीच.

श्रीपाद! हात मागे घे. पगडीला हात लावू नकोस म्हटलं ना! दोन्ही हातांनी तर मुळीच नको. पोरंबाळं आहेत तुला.

नुसता दिवा आण उंबऱ्यावरून. वर धर… आणखी वर.

कपाळावरून ओघळतंय ते बघ. घाम नाही तो. सकाळी पगडी झटकली, धुतली, उन्हात वाळवली होती मी. बोट लावून जिभेवर ठेवून बघितलंय. खारट आहे, आणि दाताखाली माती लागते.